आधी घर वाळू द्या

मुंबईची नोकरी संपवून वडिलोपार्जित घरी परतणारे चाकरमानी, बदली होऊन मालवणात आलेले शिक्षक आणि बँक कर्मचारी, पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन तारकर्ली-देवबागकडे घर घेतलेली निवृत्त जोडपी. पाऊस ओसरला, ट्रक अंगणापर्यंत जाऊ लागला की या सगळ्यांची बिऱ्हाडे सिंधुदुर्गात येऊन पडतात आणि दरवर्षीचे प्रश्न सुरू होतात. दिवाळीच्या आत रंग काढावा का? विहिरीचे पाणी थेट प्यावे का? ताजा मासा कुठे आणि किती वाजता मिळतो? जत्रेला बोलावले तर काय न्यायचे? शेजारचे लोक रोज अंगणातून समुद्रावर जातात, त्यांना मनाई करता येते का?

यांतल्या निम्म्या प्रश्नांचे मूळ एका घाईत आहे. सामान लागले, पडदे चढले, रंगाचा वास गेला की मग गाव बघू, असा शहरी हिशेब असतो. मालवण किनाऱ्यावर तो उलटा चालवावा. आश्विन आणि कार्तिक हे इथले सर्वांत चांगले दोन महिने. ते रंगाऱ्याच्या मागे धावण्यात घालवले तर घरही बिघडते आणि गावही हातचे जाते. घराला सुकायला वेळ द्या आणि तेवढ्या वेळात बाहेर पडा.

रंगाचा डबा दिवाळीनंतर उघडा

सिंधुदुर्गातली जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा हा दगड सच्छिद्र असतो. चार महिने तो पाणी पितो आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते हळूहळू सोडू लागतो. नेमक्या याच वेळी त्याच्यावर प्लॅस्टिक पेंटचा थर चढवला तर आतली ओल अडकते. शिमग्यापर्यंत भिंतीला फुगे येतात, लोणा लागतो आणि पोपडे झाडूने गोळा करावे लागतात. रंगाचा दुकानदार वॉटरप्रूफ प्रायमर सुचवेल. ओल्या भिंतीवर प्रायमरही तेच करतो, फक्त जास्त पैसे घेऊन.

भिंत सुकली की नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी. फूट-दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे, रंग नको. थेंब फक्त बाहेरच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा. ही परीक्षा पश्चिमेच्या भिंतीवर आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर नक्की करा, कारण या दोन भिंती सर्वांत उशिरा सुकतात.

कामांचा क्रम साधारण असा ठेवा:

1. पावसाच्या झोडीपासून भिंती वाचवायला पडवीला बांधलेल्या झडी किंवा निळे प्लॅस्टिक सर्वांत आधी काढा. वारा लागल्याशिवाय भिंत सुकत नाही.
2. गळतीचे डाग अजून दिसत आहेत तोवर त्यांच्या खाली खडूने खूण करा आणि फोटो काढा. कौले परतायचे काम एप्रिल-मे महिन्यातले. तेव्हा डाग पुसट झालेले असतात आणि माणूस अंदाजाने कौले बदलतो.
3. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवा. मागे हवा खेळली नाही की बुरशी कपड्यांपर्यंत पोचते.
4. गाद्या, गोधड्या, पुस्तके आणि फोटोंच्या चौकटी सकाळी दहा ते तीन या वेळेत उन्हात टाका. साडेतीननंतर नजर आकाशाकडे ठेवा. परतीचा पाऊस ढगांच्या गडगडाटासह दुपारनंतरच गाठतो.
5. बंद राहिलेल्या घराचे वायरिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर नसेल तर तो पहिल्या आठवड्यात बसवा. टीव्ही नंतर आला तरी चालतो.
6. ग्रिल, कड्या आणि बिजागऱ्या खाऱ्या हवेत किती लवकर गंजतात हे शेजारच्या घरी बघून मगच धातू निवडा.

दिवाळीला घर अगदीच भकास दिसू नये, हे खरे. त्यासाठी तुळशीवृंदावन, उंबरठा आणि दर्शनी भिंतीचा खालचा पट्टा यांना चुना आणि गेरू पुरे. चुन्यातून भिंत श्वास घेते. बाकीचा रंग नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात काढा. तेव्हा रंगारीही मोकळे असतात.

बाहेरचे पहिले काम: खळे

घराच्या आत भिंती सुकत असताना बाहेर खळे करायला घ्या. पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरते, गवत माजते आणि घसरून पडायला तेवढे पुरते. फावड्याने ते खरवडायचे, लाल मातीचा थर पसरायचा, पाणी शिंपडून एक रात्र मुरू द्यायचे. दुसऱ्या दिवशी माती पायाला चिकटेनाशी झाली, पण बोट दाबले की खूण उमटते, अशा बेताला चोपण्याने ठोकायला बसायचे. बसलेला माणूस मागे सरकत जातो, म्हणजे ठोकलेल्या भागावर पाय पडत नाही. कडक झाले की शेणाने सारवण. पहिले सारवण भेगा बुजवायला जाड, दुसरे पातळ. पहिल्या वर्षी खळे वाकडेतिकडे होणारच. शेजारचे कोणी ना कोणी येऊन चोपणे हातातून काढून घेते आणि तुमची पहिली ओळख तिथेच होते.

मग मांडव. बांबूचे किंवा पोफळीचे खांब आणि वर माडाच्या झापांचे छप्पर. पुढचे सहा-सात महिने हीच तुमची बैठकीची खोली, जेवणघर आणि वाळवणाची जागा. पावसात ओलसर झालेला मालवणी मसाला, सोले, गोलमा, सुके बांगडे यांना इथेच एक कडक ऊन दाखवून पुन्हा बरणीत भरायचे असते. गावातून नुकतेच विकत घेतले असले तरी बुरशीचा वास येतो का ते पाहून घ्या.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. ऑक्टोबर हा भातकापणीचा महिना. शेत उभे असताना गावात मजूर मिळत नाही, दुप्पट मजुरी देऊनही नाही, आणि असा दुप्पट दर देऊन कोणाला शेतातून ओढून आणलेत तर शेतमालकाच्या तोंडी तुमचे नाव वर्षभर राहील. दुसरे, अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवायचा मोह पहिले वर्ष तरी आवरा. ब्लॉक दुपारी तापतात, रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतात आणि विहिरीकडे मुरणारे पाणी गटारात घालवतात. गाडीपुरता पट्टा केलात तर कोणाची हरकत नाही.

पाणी, माड आणि पायाखालची जमीन

आश्विनात विहीर काठोकाठ असते. पाणी नितळ दिसते आणि पाहुणे ओंजळीने पितात. नितळपणा म्हणजे शुद्धता नव्हे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला विचारून पाण्याचा नमुना तपासणीला द्या. अहवाल येईपर्यंत उकळूनच प्या. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीच्या किती जवळ आहे, तो चढाला आहे की उताराला, हेही पाहा. जुन्या घराला नंतर जोडलेल्या न्हाणीघरात ही चूक हमखास सापडते.

खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, देवबागसारख्या ठिकाणी, ऑक्टोबरातले गोडे पाणी पाहून भुलू नका. मोठा पंप लावून सतत उपसा केला की वाळूतले गोडे पाणी संपते आणि खारे आत शिरते. पंप घेण्याआधी शेजाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: एप्रिलात पाणी कसे असते?

याशिवाय:

- माड: खाट किंवा गाडी माडाखाली ठेवण्याआधी सुकी झावळे आणि पिकलेले नारळ उतरवून घ्या. झावळांचे झाप, हिरांच्या केरसुण्या आणि उरलेले सरपण, काहीच वाया जात नाही. चढणाऱ्या माणसाला मजुरीसोबत नारळ द्यायचे की नाही, हा गावचा रिवाज आधी विचारा.
- साप: कापणीच्या दिवसांत उंदरांमागे साप घराकडे येतात. कोकणात फुरसे विपुल. ते लहान असते आणि पालापाचोळ्यात दिसत नाही. रात्री अंगणात बॅटरी आणि पायात बूट हवेच. दंश झालाच तर चिरा मारणे, आवळून बांधणे, मांत्रिक यांत वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि ग्रामीण रुग्णालय गाठा.
- लेप्टो: सिंधुदुर्गात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण पावसाळ्यात आणि नंतरही आढळतात. हौसेने भात कापायला उतरणार असाल तर पायावरच्या जखमा झाका. नंतर ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल झाले तर शेतात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मासळी: वेळ, जागा आणि शब्द

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी असते. बंदी उठते ऑगस्टात, पण समुद्राला नारळ दिल्याशिवाय जुने मच्छीमार होडी लोटत नाहीत आणि नारळी पौर्णिमेनंतरही काही दिवस समुद्र खवळलेलाच राहतो. खरी भर पडते ती त्यानंतर. नव्या माणसाने मासे खायला शिकावे ते याच दिवसांत, कारण बांगडा मुबलक असतो, ताजा असतो आणि खिशाला परवडतो. सुरमई-पापलेटचा हट्ट पर्यटकांवर सोपवा. बांगडा, तारली, पेडवे, सौंदाळे, मुडदुशे, लेपे ही नावे पाठ करा. मुडदुशे ओळखून मागितलेत की विकणारी वहिनी तुमच्याकडे पुन्हा एकदा बघते.

घरमालकाच्या ओळखीने कोणी दारावर मासे आणत असेल तर ती सोय उत्तम. स्वतः जायचे असेल तर मालवणच्या किनाऱ्यावर होड्या लागतात तेव्हा होणारा लिलाव एकदा लांबून बघा. पहिल्या दिवशी बोली लावायच्या भानगडीत पडू नका. लिलाव ढिगावर होतो आणि घरी पोचेपर्यंत तुमच्या लक्षात येईल की चार माणसांसाठी एक पाटी फार होते.

रापण बघायला मिळाली तर सोडू नका. किनाऱ्यापासून होडीने अर्धवर्तुळात जाळे सोडतात आणि त्याची दोन टोके घेऊन माणसांच्या दोन रांगा ते वाळूवर ओढत येतात. दोर कमरेला टेकवून, पाय वाळूत रोवून, एका लयीत मागे सरकणे हे काम बघताना सोपे वाटते. हात लावायचा असेल तर आधी विचारा आणि रांगेच्या शेवटी उभे राहा. दोराच्या आत, जाळ्याच्या बाजूला थांबू नका. ओढू लागणाऱ्याला चार मासे देण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. ते दिले तर घ्यायचे. स्वतः जाळ्यातून उचलायचे नाहीत, मोबाईलवर फोटो काढण्यासाठीसुद्धा.

खरेदी करताना एवढे पाहा:

- कल्ले लाल, डोळे फुगीर आणि स्वच्छ, पोट दाबल्यावर परत वर येणारे.
- उन्हात उघडा पडलेला बांगडा स्वस्त मिळाला तरी नको. तो तापला की त्यात हिस्टामिन तयार होते. शिजवूनही ते जात नाही आणि अंगावर गांधी उठतात, चेहरा लाल होतो, डोके दुखते. बर्फाची पिशवी घेऊनच बाजारात जा.
- अगदी लहान पिल्ले घेऊ नका. राज्य सरकारने 2023 मध्ये पापलेटसह पन्नासहून अधिक जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला आहे.
- सोमवारी, एकादशीला आणि गावच्या देवाच्या दिवशी मासळी विचारत फिरू नका. मालवणचा ग्रामदेव रामेश्वर आहे, सोमवार त्याचा.

बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या आमटीवर बरेच नवशिके अडतात. कारण साधे आहे. तिरफळे अख्खी वाटपात टाकली की आमटी कडवट होते. आतली काळी बी काढून टाका, साल किंचित ठेचा आणि मासा शिजत आला की वरून घाला. वाटपात ओले खोबरे, धणे, सुक्या मिरच्या, आंबटाला सोले. लसूण नको, तिरफळाचा वास मारला जातो. मासे न खाणाऱ्यांनी खट्टू होऊ नये. काळ्या वाटाण्याचे सांबारे, आंबोळ्या, खापरोळ्या आणि जून काकडीची तवसळी यांच्यापुढे बांगडाही मागे पडेल, असे म्हणणारे मालवणात कमी नाहीत. ते फक्त हळू आवाजात म्हणतात.

देवाला नारळ, दाराला नवे, तुळशीला कारीट

तुमची श्रद्धा असो वा नसो, पहिल्या आठवड्यात ग्रामदेवतेच्या देवळात नारळ आणि विडा घेऊन जा. गावकर तुमच्या नावाने गाऱ्हाणे घालतील, जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतील. त्यात घराचे, पोराबाळांचे, गुराढोरांचे सगळे मागणे येते आणि नवे बिऱ्हाड कोणाचे, कुठून आले, हे दहा मिनिटांत वाडीभर पोचते. ओळखपत्राच्या दहा झेरॉक्सनी होणार नाही ते काम इथे होते.

त्यानंतर सण एकामागोमाग येतात. दसऱ्याला देवळांतून तरंग, म्हणजे देवांच्या सजवलेल्या काठ्या, निघतात. त्यांच्या वाटेवर गाडी उभी करू नका. कोजागरी ही कोकणातली नव्याची पुनव. कुठे दसऱ्याला, कुठे पुनवेला भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने आणि झेंडू एकत्र बांधून दाराला लावतात. तुमचे शेत नसेल तर शेजारी लोंब्या देतील. त्या विकत मागायच्या नसतात.

नरकचतुर्दशी म्हणजे इथला चावदिस. आदल्या रात्री सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण भागांत पोरे नरकासुर नाचवतात. रात्री झोप लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. पहाटे अभ्यंगस्नान करून तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि मग पोहे. गोडे पोहे, तिखट पोहे, दुधातले, दह्यातले, ताकातले, आणि सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. नवा भात कुटून केलेले हे पोहे खायला घरोघर बोलावतात. पहिल्याच घरी पोट भरू नका. चौथ्या घरची काकी "माझ्याकडचे नकोत?" असे विचारते तेव्हा उत्तर सापडत नाही. काही घरांत या सकाळी सातविणीच्या सालीचा कडू रस देतात. जाणत्याने काढून दिलेला घोटभर घ्यायला हरकत नाही. झाडाची ओळख नसताना स्वतः साल सोलून आणणे धोक्याचे.

पाडव्याला मालवणात रामेश्वर आणि नारायणाची पालखी निघते. तुळशीचे लग्न कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत घराघरांत वेगवेगळ्या दिवशी लागते, म्हणजे एका वाडीत चार दिवस चुरमुरे आणि उसाचे करवे. भरून आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, हा नियम सगळीकडचाच. इथे तो काटेकोर पाळतात.

कागदपत्रे: थोडी, पण आताच

सणांच्या गडबडीत ही कामे मागे पडतात आणि मार्चमध्ये घरपट्टीच्या वेळी आठवतात.

- भाड्याचे घर: ओळखीत तोंडी ठरवले, असे चालवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 जिथे लागू आहे तिथे कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. त्याच कायद्याच्या कलम 29 प्रमाणे पाणी किंवा वीज योग्य कारणाशिवाय तोडता येत नाही. लहान गावात हा कायदा लागू नसला तरी करार करा. त्यात विहिरीचे पाणी, माडांचे नारळ आणि गणपतीत घरमालकाचे कुटुंब येऊन राहणार का, हे तीन मुद्दे स्पष्ट लिहा. इथले बहुतेक तंटे या तिघांवरून होतात.
- विकत घेतलेले घर: ग्रामपंचायतीकडून नमुना 8 चा उतारा आणि येणे बाकी नसल्याचा दाखला घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली या दोन्ही सेवांना मुदत ठरलेली आहे. मुदतीत मिळाले नाही तर अपील करता येते, त्यासाठी अर्जाची पोच जपून ठेवा.
- वडिलोपार्जित घर: सातबाऱ्यावर मुंबईतल्या चुलत्यांची नावे असतील तर मोठा खर्च करण्याआधी त्यांची लेखी संमती घ्या. दिवाळीला ते गावी येतात. सगळे एकत्र सापडण्याची ती संधी.
- किनाऱ्यालगतची जागा: भरतीरेषेजवळ सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) नियम लागतात. कुंपणाची भिंत, पाहुण्यांसाठी खोली, पक्के शेड यांपैकी काहीही परवानगीशिवाय उभारू नका. "सगळ्यांनी बांधलंय" हे नोटिशीला उत्तर होत नाही.

अंगणातून जाणारी वाट

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी त्यावरून संबंध बिघडतात. जुन्या घरांच्या कडेने समुद्राकडे, देवळाकडे किंवा शेताकडे जाणारी पायवाट असते. ती कागदावर नसली तरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीची असू शकते. शेताकडची अशी वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार अडथळा काढण्याचा आदेश देऊ शकतात. म्हणून तारेचे कुंपण घालण्याआधी दोन-चार म्हाताऱ्या माणसांना विचारा: ही वाट कोणाकोणाची? पालखी इथून जाते का? वाट खुली ठेवून फाटक लावता येते. कुलूप मात्र नको.

समुद्राकडे तोंड असलेल्या घरांसाठी आणखी एक सूचना. हिवाळा सुरू झाला की ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला या किनाऱ्यावर येतात. वाळूवर पडणारे प्रखर दिवे त्यांना बुजवतात आणि पिल्लांना चुकीच्या दिशेने ओढतात. बाहेरचे दिवे खाली वळवा, पिवळे लावा, रात्री बंद ठेवा. घरटे दिसले तर हात न लावता वनविभागाला कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली कासवांना सर्वोच्च संरक्षण आहे.

वादळ गृहीत धरा

पाऊस गेला म्हणजे धोका गेला असे नाही. फयान वादळ 11 नोव्हेंबर 2009 ला कोकण किनाऱ्यावर आले. ऑक्टोबर 2019 मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर क्यार वादळाने सिंधुदुर्गाचा किनारा झोडपला. मांडवाचे झाप दोरीने घट्ट बांधा, बॅटरी आणि पॉवर बँक भरून ठेवा, दोन दिवसांचे पिण्याचे पाणी साठवा. बंदरात धोक्याचा बावटा लागला असेल तर पाहुण्यांना समुद्रस्नानाला नेऊ नका, आकाश कितीही निळे असो.

दुपारी घर, संध्याकाळी बाहेर

ऑक्टोबरची दुपार घामाची असते. जड कामे सकाळी मतलई वारा असेपर्यंत उरका, दुपारी पडवीत लवंडा आणि चारनंतर खाऱ्या वाऱ्याबरोबर बाहेर पडा. किनाऱ्यावर कधी जावे हे ठरवायला मच्छीमारांचा हिशेब उपयोगी पडतो. तिथीला पाऊणाने गुणा, भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, म्हणून सूर्यास्तानंतर लांबवर ओली, घट्ट वाळू चालायला मिळते. हिशेब अंदाजाचा आहे. खाडीच्या मुखापाशी तेवढ्यावर विसंबू नका.

सिंधुदुर्ग किल्ला दिवाळीच्या सुट्टीआधी पाहून घ्या. नोव्हेंबर 1664 मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात चहूबाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. सुट्टी लागली की जेट्टीवर होडीसाठी रांग लागते आणि बघण्यापेक्षा थांबण्यातच वेळ जातो. धामापूरचा तलावही आताच तुडुंब असतो. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. कुडोपीची कातळशिल्पे मात्र घाईने पाहू नका. सड्यावर गवत उभे असते तोवर रेषा दिसत नाहीत. गवत कापले की, डिसेंबरच्या सुमारास, सकाळच्या तिरप्या उन्हात जा.

जत्रेला जाताना

त्रिपुरी पौर्णिमेच्या आगेमागे जत्रांचा हंगाम सुरू होतो. सावंतवाडी तालुक्यातली सोनुर्लीची माऊली लोटांगणाची जत्रा म्हणून प्रसिद्ध. पण पहिली जत्रा स्वतःच्या गावची करा, मोठ्या नावाच्या जत्रा नंतर. देवीची ओटी भरायची असेल तर खण-नारळ, नाहीतर नुसते दर्शन. परतताना खाजे घ्यायलाच हवे. शेजारच्या पोरांसाठी एक पुडी जास्त.

रात्री पालखी झाल्यावर दशावतार. आधी आड दशावतार, त्यात गणपती, सरस्वती, संकासुर. मग आख्यान. हार्मोनियम, मृदंग आणि झांज. स्त्रीपात्रे पुरुषच करतात आणि संवाद लिहिलेले नसतात. पहाटे दहीकाला होईपर्यंत नाटक चालते. दोन तास बसून उठलात तर कोणी काही म्हणणार नाही, मात्र मध्यरात्रीनंतरचा राजा आणि राक्षस यांचा वाद सोडून गेलात तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तुम्हाला बोलायला काही उरणार नाही. बसायला चटई, अंगावर शाल आणि सुट्टे पैसे न्या. दशावतारी कलावंताला खूश होऊन प्रेक्षक बक्षीस देतात.

जत्रेत आणि बाजारात तुम्हाला "कधी इलास?" असे विचारतील. पाठोपाठ येणारा "कधी जातलास?" हा प्रश्न मनाला लावून घेऊ नका. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायची सवय आहे. यायचा थांबायला एखादे वर्ष लागते.

घर आचरा, चिंदर किंवा वायंगणी या गावांत असेल तर शेवटची चौकशी गावपळणीची. दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सारा गाव तीन दिवस तीन रात्री घरे सोडून वेशीबाहेर राहुट्या टाकून राहतो. गुरे, कोंबड्या, कुत्री-मांजरे सोबत. तेवढे दिवस गावात दुकान, चहा, गिरणी काही नसते. नव्या माणसाला बळजबरी नसली तरी मागे एकटे राहण्यात अर्थ नाही. तंबू, चूल, तांदूळ आणि औषधे यांची सोय शेजाऱ्यांबरोबर मिळून करा. यंदा गावपळण आहे का आणि कौल कधी लागणार, हे दिवाळीनंतरच्या पाहुण्यांना तारखा देण्याआधी विचारून घ्या.